शब्दचर्चा: कोंदणकाम, जडावकाम की पच्चीकारी?

अनुवादिका: एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेचा मी मराठी अनुवाद करते आहे. तिच्यात १८१५ च्या सुमारास आग्र्यात रंगवलेले एक जलरंगचित्र आहे, ज्यात ताजमहालातील मुमताजच्या कबरीवरची, पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेली फुले दाखवली आहेत. मूळ इंग्रजी मजकुरात या कामाला ‘पिएत्रा द्युरा’ असे इटालियन नाव आहे. मी ‘कोंदणकाम’ लिहिले होते, संपादकांनी ते खोडून ‘जडावकाम’ केले, आणि आता मला दोन्ही शब्द खटकू लागले आहेत. मराठीत यासाठी कोणता शब्द योग्य ठरेल?

सोनारआळी: माझे वडील सोनारकाम करत, त्यामुळे ‘कोंदण’ मला पटत नाही. कोंदण म्हणजे खड्याभोवतीची सोन्याची बैठक, आणि इथे तर धातूच नाही. संगमरवरात टाकीने उथळ खाच कोरतात, अकीक किंवा लाजवर्दाचा, म्हणजे गडद निळ्या दगडाचा, पातळ तुकडा नेमक्या त्याच आकाराचा होईपर्यंत घासून तिच्यात चिकटवतात, आणि मग सगळा पृष्ठभाग एकत्र घोटतात. चांगल्या कामावरून बोट फिरवले तर सांधा लागत नाही. ‘जडाव’ म्हटले की वर आलेला खडा डोळ्यांपुढे येतो, म्हणून तोही शब्द नको.

जुना वाचक: मग ‘पच्चीकारी’ म्हणावे. शाहजहानच्या दरबारी इतिहासकारांनी या कामाला ‘परचीनकारी’ असेच म्हटले आहे. माझ्या मते आपली ‘पाचर’ याच कुळातली असावी, कारण तीही फटीत घट्ट बसते.

शब्दवेल्हाळ: ध्वनी जुळला म्हणून नाते ठरत नाही. शिवाय अडले की हिंदीच्या दारात उभे राहण्याची ही सवय मला मान्य नाही. लाजवर्दाला ‘राजावर्त’ हा जुना शब्द आपल्याकडे असताना तो कुणी वापरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुना वाचक: ‘राजावर्त’ वाचून किती वाचकांना निळा रंग दिसेल? आणि ‘नक्षी’ तरी कुठे संस्कृत आहे?

शब्दवेल्हाळ: नक्षी नक्षत्रावरून आली, असे आमचे आजोबा सांगत.

जुना वाचक: आजोबांविषयी आदर राखून सांगतो, ती अरबी ‘नक्श’वरून आली. ‘नकाशा’ही तिथलाच, आणि म्हणूनच मला वाटते की या कागदांना ‘चित्र’ म्हणण्याऐवजी ‘नकाशा’ म्हणणे अधिक खरे होईल. १८०३ मध्ये आग्र्याचा किल्ला दौलतराव शिंद्यांच्या हातून कंपनीकडे गेला, त्यानंतर तिथे येणाऱ्या इंग्रजांना या इमारतींची तपशीलवार चित्रे हवी होती, आणि लतीफसारख्या स्थानिक चित्रकारांनी ती काढून दिली. त्यांत वास्तूच्या आराखड्याची शिस्त आहे.

अनुवादिका: ‘नकाशा’ मी लिहिणार नाही. मूळ कागद मी भिंगातून पाहिला आहे. कडेच्या पट्ट्या पट्टीने आखल्या आहेत हे खरे, परंतु संगमरवराच्या जागी कागद कोराच सोडला आहे, आणि एका लाल पाकळीत देठाकडचा गडद रंग टोकाकडे पाण्याने इतका हळूवार विरघळवला आहे की कुंचला कुठे उचलला ते कळत नाही. आराखड्यासाठी कुणी एवढा जीव ओतत नाही.

सोनारआळी: पाथरवटाला तो उतार रंगाने साधता येत नव्हता, म्हणून त्याने दगडातच गडद आणि फिका भाग शोधून तुकडे कापले. चित्रकाराने ते नीट पाहिले असणार.

अनुवादिका: पुस्तिका उद्या छपाईला जाते आहे, त्यामुळे मी तूर्त ‘संगमरवरात बसवलेली रंगीत दगडांची फुले’ असे लिहिते.

शब्दवेल्हाळ: हे वर्णन झाले, नाव झाले नाही.

सोनारआळी: आणि ‘बसवलेली’ म्हटल्यावर घोटाईचा उल्लेख राहूनच गेला.