पुश बार काढता-घालता ठेवायचा असेल तर
पुश बार, म्हणजे दुसरी गाडी ढकलण्यासाठी पुढे लावायची मजबूत चौकट, थेट बंपरला बसवावा का, असा प्रश्न आहे. नको! बंपरचं बाहेरचं प्लास्टिक नुसतं कव्हर आहे, जोर पेलत नाही. फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया या कारला बॉडीखाली वेगळी चॅसी (भार पेलणारा सांगाडा) असते, म्हणून ब्रॅकेट तिच्या दोन्ही रेलच्या (लांब तुळयांच्या) पुढच्या टोकांना बोल्टने कायमचे बसवा. त्यांवरच्या 2 इंची चौकोनी नळ्यांत बार सरकवून 5/8 इंची पिना घाला. मध्यभागी एकच नळी दिली तर एका कोपऱ्यावर ढकलताना बार पिळतो. पिनेच्या भोकात फट राहतेच. खडखडाट होतो, भोक लांबट होत जातं. म्हणून बाजूने दाबबोल्ट (बार नळीत घट्ट दाबून धरणारा) आणि तो सैल होऊ न देणारा लॉकनट लावाच. फोर्डच्याच एक्सप्लोररवर आधारलेल्या पोलीस गाडीला मात्र वेगळी चॅसी नाही, तिथे त्याच मॉडेलचे ब्रॅकेट घ्या आणि एअरबॅगच्या पुढच्या सेन्सरची जागा अजिबात बदलू नका.