डिशवॉशर पाणी घेतो, पण फवारतच नाही. मदत हवी आहे

मंडळी, आम्ही जळगावला, पाणी बोअरचं, चांगलंच जड. चार दिवसांपासून डिशवॉशर पाणी भरतो, नुसता घुं घुं करतो, शेवटी पाणी बाहेरही टाकतो; मधे फवारा मात्र नाही. काल भरताची कढई तेलाच्या तवंगासकट जशीच्या तशी निघाली, वरची वाटी तर कोरडी! जाळी धुतली, त्यात शेंगदाण्याची सालं निघाली. फिरत्या पात्यांची भोकं पांढऱ्या क्षाराने बुजलेली, ती टाचणीने कोरून पाती रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली. आता ती हाताने मोकळी फिरतात. (क्षार धरू नये म्हणून मशीनमध्ये घालतात ते मीठ संपल्याचा दिवा महिनाभर लागलेला होता, आमचाच आळस.) फवाऱ्याचा पंप गेला असेल, की त्याच्या पंख्यात काही अडकलंय? मेकॅनिक आल्याआल्या नवीन पंपच सांगेल. त्याआधी घरी काय तपासू?