शाळा सुटली, पाटी फुटली, पण गणित?

पेपरापुरतं शिकलेलं गणित पुढे कधी कामी आलं? की न आल्यामुळे खिशाला चाट बसली? सांगा. सुरुवात मीच करते. स्कूटरसाठी १ लाखाचं कर्ज काढलं, २ वर्षांचं, ‘फ्लॅट १२ टक्के’. व्याज २४,०००, हप्ता ५,१६७. स्वस्तात मिळालं म्हणून खूश! सहा महिन्यांनी टपरीवर चहा पिताना ट्यूब पेटली. मुद्दल दरमहा फेडतेय आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. घटत्या शिलकीवर मांडलं, तर दर साडेएकवीसच्या वर गेला. मी बी.कॉम. आहे, हे इथे कुणी काढू नका.

कसबा पेठ
आजी चौथी पास. मंडईत पावणेतीन किलो कांदे, भाव ३६. भाजीवाला मोबाइल काढेपर्यंत हिचं तयार : “तिनाचे एकशे आठ, पावाचे नऊ गेले, हे घे नव्व्याण्णव.” पावणेतीनने गुणायचंच नाही. तीनपर्यंत जायचं आणि एक पाव मागे यायचं.

छत्तीसचा आकडा
माझं नि गणिताचं नातं वरच्या नावातच आलं. पण सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात पावसाळ्यात एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा खटका) सारखा पडायचा. १६ उपकरणं. नवरा एकेक प्लग काढून बघतोय. म्हटलं, अरे, निम्मे काढ. आठ काढले, तरी पडला. म्हणजे खोट लावलेल्या आठांत. मग चार, दोन, एक. चौथ्या खेपेला गीझर सापडला. सासूबाई म्हणाल्या, “हे कसलं गणित, ही तर अक्कल!” वाद अजून मिटलेला नाही.

औंध
१२ इंची पिझ्झा संपलाय, त्याच पैशात ८ इंची दोन घ्या म्हणाले. गोल पिझ्झ्याचा आकार व्यासाच्या वर्गावर ठरतो : १२ चा वर्ग १४४, ८ चा ६४, दुणे १२८. नको म्हटलं. मित्र अजून टोमणे मारतो, १६ इंच सोडले म्हणून.

सिंहगड रोड
ट्रॅफिकमध्ये लेकीला गुंतवायचा उपाय : पुढच्या गाडीचा चार आकडी नंबर. चारही आकडे सारखे नकोत. उतरत्या मांडणीतून चढती वजा करायची, उत्तराचं पुन्हा तेच. ४५१२ घ्या. ५४२१ − १२४५ = ४१७६. मग ७६४१ − १४६७ = ६१७४. तिथेच गाडी अडते, फार तर सात वजाबाक्यांत. फर्ग्युसनमध्ये शिकलेले, देवळालीला मास्तर असलेले द. रा. कापरेकर यांचा हा शोध. परवा तिने विचारलं, “बाबा, पाच आकडी घेतला तर?” राजाराम पूल आला तरी आकडे गोल गोल फिरतच होते.