उत्तम ग्रेडच्या जुन्या कॉमिक्सचे भाव विक्रेते इतके चढे का ठेवतात?

नारायणबागकर (इंदूर) यांचा प्रश्न

सर्व संग्राहकांना नमस्कार. मी बरीच वर्षे मराठी इंद्रजाल कॉमिक्स जमवत आहे आणि त्यांच्या जोडीला थोडी अमेरिकन कॉमिक्सही. इंद्रजालचे अंक खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, रद्दीवाल्यांकडून आणि येथील मराठी घरांच्या माळ्यांवरून मिळतात, आणि ते ज्या अवस्थेत मिळतील त्या अवस्थेत मी घेतो. माझा प्रश्न उत्तम अवस्थेतल्या, ग्रेड मिळालेल्या अंकांविषयी आहे.

‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ मालिकेचा 1988 मधला 300 क्रमांकाचा अंक मला 9.8 ग्रेडमध्ये, म्हणजे सीजीसी या अमेरिकन संस्थेने तपासून, अवस्थेला 10 पैकी गुण देऊन पारदर्शक पेटीत बंद केलेला, हवा आहे. व्हेनम हे पात्र या अंकात प्रथम पूर्ण रूपात अवतरले, त्यामुळे त्याला मागणी असणार हे उघड आहे. परंतु हा अंक दुर्मीळ मुळीच नाही, कारण सीजीसीच्या नोंदींत 9.8 ग्रेडच्याच हजारो प्रती आहेत. असे असूनही मुंबईच्या एका विक्रेत्याने मला सांगितलेली किंमत ही याच ग्रेडच्या प्रतींना अलीकडच्या लिलावांत मिळालेल्या किमतीच्या जवळजवळ दीडपट होती. परदेशातल्या एका दुकानाच्या संकेतस्थळावर तर हाच अंक अशाच चढ्या भावाने वर्षभर तसाच पडून आहे. माल हलत नाही हे डोळ्यांसमोर असताना विक्रेता भाव उतरवत का नाही? ही केवळ हाव आहे, की या व्यापाराचे काही वेगळे गणित आहे?

दुसरे असे की, इंद्रजालचे स्वच्छ अंकही आता ‘मिंट’, म्हणजे अगदी कोरे करकरीत, म्हणून साध्या प्रतीच्या कितीतरी पट किमतीला विकायला ठेवलेले दिसतात. त्यांचा तर कोणताच ग्रेड झालेला नसतो. तेथे भाव कशावरून ठरवायचा?

जुनीपाने (रामबाग, इंदूर) यांचे उत्तर

नमस्कार. मी काही काळ थोडीफार खरेदी-विक्रीही केली असल्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू सांगू शकतो. हाव असते, नाही असे नाही, पण तेवढ्यावर विषय संपत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वरच्या ग्रेडला सर्वमान्य भावच नाही. सराफ्यात सोन्याचा त्या दिवसाचा भाव निघतो आणि प्रत्येक पेढीला त्याच्या आसपासच राहावे लागते. तसा काही आधार येथे नाही. अमेरिकेत ओव्हरस्ट्रीट यांची किंमतसूची 1970 पासून निघते आणि अनेक दशके सारा व्यापार तिच्यावर चालला, परंतु त्या सूचीतला सर्वांत वरचा रकाना 9.2 ग्रेडचा आहे. ग्रेडची पट्टी मात्र 10 पर्यंत जाते. म्हणजे 9.4, 9.6 आणि 9.8 या ज्या ग्रेडमध्ये आज सर्वाधिक पैसा फिरतो, त्यांच्याबद्दल सूचीत आकडाच नाही. सीजीसीचे काम 2000 मध्ये सुरू झाल्यावर या वरच्या ग्रेड एकमेकींपासून वेगळ्या काढता येऊ लागल्या आणि विक्रेते सूचीतल्या 9.2 च्या किमतीला अमुक पटीने गुणून भाव सांगू लागले. ही पट किती धरायची हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि आपल्या मालाच्या बाबतीत ती कमी धरणारा विक्रेता मी तरी पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची. अमेरिकन कॉमिक्सचा जुना विक्रेता हा भाजीवाला नव्हे. त्याचा माल संध्याकाळपर्यंत सुकत नाही, आणि एखादा संग्रह त्याने पंधरा-वीस वर्षांपूर्वी एकगठ्ठा उचललेला असेल तर त्यातल्या चार अंकांनीच त्याचे सगळे पैसे कधीच वसूल करून दिलेले असतात. उरलेले अंक दीडपट भावाने पडून राहिले म्हणून त्याचे काय जाते? त्याला शंभर ग्राहक नकोच असतात. नेमका तोच अंक, तोच ग्रेड आणि आत्ताच हवा असलेला एक मनुष्य कधीतरी येतो, आणि त्या एका मनुष्यासाठी ती किंमत लिहिलेली असते. आपण संकेतस्थळावर वर्षभर पाहत आहात ती किंमत म्हणजे त्याचे थांबणे आहे. बाजारभावाशी तिचा संबंध फार थोडा.

याच्या अगदी उलट परिस्थितीतही भाव चढाच राहतो. 2020 आणि 2021 मध्ये लोक घरी बसलेले असताना कॉमिक्सचे भाव भराभर चढले आणि पुढे 2022 पासून, विशेषतः भरपूर प्रती उपलब्ध असलेल्या अंकांचे, उतरले. तेजीत माल भरलेल्या विक्रेत्याला आजच्या भावाने विकणे म्हणजे वहीत तोटा लिहिणे आहे. तो लिहिण्याऐवजी तो जुनीच चिठ्ठी लावून ठेवतो.

तिसरी गोष्ट नव्या संग्राहकांच्या सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे अदलाबदल. पुष्कळसे व्यवहार रोखीत होतच नाहीत. आपण आपले पाच अंक घेऊन जाता, विक्रेता त्यांची किंमत आजच्या लिलावाच्या भावाच्या निम्म्याने किंवा साठ टक्क्यांनी धरतो आणि त्या बदल्यात आपला अंक स्वतःच्या चिठ्ठीवरच्या भावाने देतो. चिठ्ठीवरचा भाव जितका चढा, तितके आपले अंक त्याला स्वस्तात पडतात. रोख देणाऱ्याला तोच विक्रेता वीस टक्के सूट सहज देईल, कारण ती सूट त्याने भाव लिहितानाच धरलेली असते.

विक्रेत्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र न्याय म्हणून सांगितली पाहिजे. हेरिटेजसारख्या लिलावगृहाचा जाहीर झालेला आकडा हा खरेदीदाराकडून घेतलेल्या अधिभारासह असतो. विकणाऱ्याच्या हाती त्याहून बरेच कमी पडते. शिवाय परदेशातून मागवलेल्या अंकावर पाठवणी, विमा आणि रुपयाचा दर यांचा भार पडतो. त्यामुळे मुंबईत हाच अंक लिलावाच्या भावाला मिळावा अशी अपेक्षा धरणे बरोबर होणार नाही. पंधरा-वीस टक्के अधिक मी समजू शकतो, दीडपट नाही.

सूक्ष्मदर्शक (लोकमान्य नगर, इंदूर) यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण ‘लिलावात मिळालेला भाव’ हा आकडाही तपासून घ्यावा असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. विक्रेते अनेकदा सर्वांत मोठा आकडाच आधार म्हणून दाखवतात. ‘अमेझिंग फँटसी’च्या 15 क्रमांकाच्या, स्पायडर-मॅनच्या पहिल्या अंकाची 9.6 ग्रेडची प्रत 2021 मध्ये 36 लाख डॉलरला गेली. त्या ग्रेडच्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, म्हणून तो भाव त्या प्रतीपुरता खरा आहे. मात्र अशा विक्रीनंतर हजारोंनी उपलब्ध असलेल्या अंकांच्याही चिठ्ठ्या बदलल्या जातात आणि याला काहीही आधार नसतो. दोन हट्टी खरेदीदार एका रात्री समोरासमोर आले म्हणून तिसऱ्याने त्याचा भुर्दंड का सोसावा?

आपल्या 300 क्रमांकाच्या अंकाबाबत एक गोष्ट प्रथम पाहा. मुखपृष्ठावरच्या चौकटीत बारकोड आहे की चित्र? चित्र असेल तर ती प्रत कॉमिक्सच्या खास दुकानांसाठी छापलेली असते, आणि बारकोड असेल तर ती वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकली गेलेली असते. स्टॉलवरच्या प्रती लोकांनी हाताळल्या, दुमडल्या, खिशात कोंबल्या, त्यामुळे त्यांतल्या 9.8 पर्यंत पोहोचलेल्या प्रती खरोखर कमी आहेत आणि त्यांचा भाव अधिक असणे योग्य आहे. मुंबईच्या विक्रेत्याकडची प्रत बारकोडची असेल, तर आपण चुकीच्या विक्रीशी तुलना करत आहात असे होईल.

ग्रेडच्या पायऱ्यांबद्दलही स्पष्ट लिहितो. 9.6 आणि 9.8 यांत फरक काय असतो? कण्यावर एखादी केसासारखी बारीक सुरकुती, जिच्यात रंग किंचित उडालेला आहे. किंवा एखादा कोपरा जो भिंगाखाली थोडा बोथट दिसतो. पेटीच्या बाहेरून तो फरक बहुतेकांना दिसत नाही, पण भावात तो दुप्पट आणि कधी त्याहूनही अधिक पडतो. अंक पेटीतून काढून, दाबून सपाट करून पुन्हा तपासणीला पाठवला की तोच अंक 9.6 चा 9.8 होऊन परत येऊ शकतो. हे उघडपणे चालते आणि त्यावर अनेकांचा व्यवसाय उभा आहे. म्हणून नोंदींतला ‘इतक्याच प्रती’ हा आकडा विक्रेत्याने दाखवला तर तो कायमचा समजू नये. नोंद फक्त तपासणीला आलेल्या प्रतींची असते आणि 1980 नंतरच्या अंकांच्या बाबतीत ती वाढतच जाते.

ग्रेड न झालेल्या अंकाला 9.8 चा भाव मागणारे विक्रेते तर मी सरळ टाळतो. मला एकाने ‘इन्क्रेडिबल हल्क’चा 181 क्रमांकाचा, 1974 मधला, वुल्वरीन हे पात्र प्रथम पूर्ण रूपात आलेला अंक बंद पिशवीतूनच दाखवला होता. मुखपृष्ठ अप्रतिम होते. मी पिशवी उघडायला लावली, तेव्हा वाचकांच्या पत्रांच्या पानावरचा छापील स्टँप कात्रीने कापून घेतलेला निघाला. त्या काळी मार्व्हल या प्रकाशन कंपनीने मुलांना हे स्टँप कापून जमवायला सांगितले होते, आणि तो नसला की या अंकाची किंमत कोसळते.

वेताळभक्त (वडोदरा) यांचे उत्तर

इंद्रजालविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे वडोद्यातही मराठी आणि गुजराती, दोन्ही आवृत्त्या जुन्या घरांतून निघतात.

टाइम्सने 1964 मध्ये सुरू केलेली आणि 1990 मध्ये बंद झालेली ही मालिका. हिची ना सर्वमान्य किंमतसूची आहे, ना प्रतींची नोंद. म्हणून ‘मिंट’ हे विक्रेत्याचे विशेषण आहे, तो ग्रेड नव्हे. आपण स्वतः तपासावे. मी पहिल्यांदा मधले पान उघडतो आणि पिना पाहतो. गंज चढला असेल तर पिनेभोवती तांबूस वर्तुळ उमटलेले असते, आणि पिना नव्या, चकचकीत असतील तर त्या कोणीतरी बदललेल्या आहेत. नंतर कण्याला समांतर बारीक भोकांची ओळ शोधतो. भाड्याने कॉमिक्स देणारी वाचनालये दहा-बारा अंक एकत्र शिवून बाइंडिंग करत आणि कडा मशीनवर कापत; पुढे ते बाइंडिंग सोडवून अंक सुटे विकले गेले. असा अंक बाहेरून फार स्वच्छ दिसतो, कारण पुठ्ठ्याने त्याला जपलेले असते, पण तो इतर अंकांच्या शेजारी ठेवला की उंचीला कमी भरतो.

आता भावाबद्दल. माझे मत कदाचित येथे पटणार नाही, पण ज्याची खरोखर तपासणी करून खात्री पटली आहे अशा स्वच्छ मराठी इंद्रजालला पाचपट भाव मागितला, तरी मी त्याला चढा म्हणणार नाही. 1988 चा स्पायडर-मॅन अमेरिकेत विकत घेतल्या दिवशीच हजारो लोकांनी पिशवीत घालून ठेवला, कारण तोवर तेथे जुन्या कॉमिक्सना पैसे मिळतात हे सर्वांना ठाऊक झाले होते. 1968 चा मराठी वेताळ, म्हणजे इंद्रजालमधल्या फँटमचा अंक, कोणीही जपून ठेवला नाही. तो भावंडांत फिरला, शेजारी गेला, सुटीत मामाच्या गावी गेला, आणि उरला तो कसर आणि वाळवीच्या तोंडी पडला. तो स्वच्छ राहिला असेल तर कोणीतरी मुद्दाम राखला म्हणूनच.

नारायणबागकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. विक्रेत्याकडून छायाचित्र मागवले. चौकटीत चित्र आहे, बारकोड नाही. सीजीसीच्या संकेतस्थळावर पेटीवरचा क्रमांक घालून पाहिला, नोंद बरोबर आहे आणि पाने पांढरी असल्याचे लिहिले आहे. किमतीबद्दल बोलल्यावर त्यांनी स्वतःहून सुचवले की, माझ्याकडचे इंद्रजालचे चाळीस दुबार अंक दिल्यास वर रोख फार थोडी द्यावी लागेल. जुनीपाने यांनी लिहिलेला प्रकार तो हाच का?

जुनीपाने

होय, हाच. त्यांना त्यांच्या अंकाची केवळ रोखीची शेवटची किंमत विचारा आणि ती लेखी घ्या. त्यानंतर, जणू दुसराच व्यवहार आहे असे समजून, आपल्या चाळीस अंकांना ते रोख किती देतील ते विचारा. दोन्ही आकडे वेगवेगळे समोर आल्याशिवाय एकही अंक पाठवू नका. आणि त्या चाळीसांत साठच्या दशकातले स्वच्छ अंक असतील तर ते आधी बाजूला काढा. वडोद्याच्या मित्रांनी सांगितलेली तपासणी करून त्यांची यादी येथे टाकावी, त्यांतले काही मी स्वतः योग्य भावाने घेईन.