मोठ्या सुट्टीत थीम पार्कला जावं का? माझं मत : अजिबात नाही

नदीकाठ (धागाकर्ती)

गेल्या मोठ्या सुट्टीत आम्ही चौघं एका थीम पार्कला जाऊन आलो. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका पार्कचा नाही. सकाळी साडेदहाला आत शिरलो, रात्री आठला बाहेर पडलो. साडेनऊ तासांत मुलांच्या पाच राइड झाल्या. एकेक राइड जेमतेम तीन मिनिटांची, म्हणजे दिवसभरात पंधरा मिनिटं. बाकीचा सगळा वेळ समोरच्याची पाठ बघत पावलापावलाने पुढे सरकण्यात गेला.

त्यातला एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. धाकटा सहा वर्षांचा आहे. एका रोलर कोस्टरसाठी तो सव्वा तास न कुरकुरता उभा राहिला. नंबर आला तेव्हा उंची मोजायच्या काठीखाली दोन बोटं कमी भरला. रांगेच्या तोंडाशी मोजणारं कुणीच नव्हतं, गर्दीत तो माणूस दुसरीकडे हलवला होता म्हणे. तिथून परत फिरताना त्याचा चेहरा... असो. पुढच्या रांगेत तो माझ्या खांद्यावर रडत रडत झोपी गेला.

गर्दी होणार हे पार्कवाल्यांना माहीत नसतं असं नाही. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हा खोटी तिकिटं छापून माणसं आत घुसली होती. उन्हाने नवं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या टाचा त्यात रुतत होत्या. त्यानंतर इतकी वर्षं गेली, कुठल्या दिवशी किती माणूस येणार याचा अंदाज आता ही मंडळी नेमका बांधतात. त्या अंदाजाचं काय केलं? २०१६ साली त्याच डिस्नेलँडने एका दिवसाच्या तिकिटाचे दिवसागणिक तीन दर केले आणि गर्दीच्या दिवसाला सर्वांत महाग दर लावला. हीच पद्धत आता ठिकठिकाणी दिसते. ज्या दिवशी पाहुण्याच्या पदरात सर्वांत कमी पडतं, त्याच दिवशी त्याने सर्वांत जास्त मोजायचं. मला हे पटत नाही. म्हणून मोठ्या सुट्टीत जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं सांगा.

रात्रपाळी

पूर्ण असहमत.

मी रुग्णालयात परिचारिका आहे, नवरा रेल्वेत. आम्हा दोघांच्या सुट्ट्या वर्षातून तीन-चार दिवसच जुळतात आणि तेही सगळ्यांचीच सुट्टी असते तेव्हा. मुलगी नऊ वर्षांची. 'गर्दी टाळून मंगळवारी जा' हा सल्ला मी किती वेळा ऐकला असेन. पण मंगळवारी शाळा असते हो. इंग्लंडमध्ये तर शाळा चालू असताना मूल सहलीला नेलं तर पालकांना दंड होऊ शकतो. रजा हवी तेव्हा घेता येणाऱ्या लोकांसाठी मंगळवार मोकळा आहे. आमच्यासाठी सुट्टीचा दिवस आहे किंवा काहीच नाही.

आणि रांगेत काहीच मिळत नाही, हेही मला मान्य नाही. गेल्या वर्षी आम्ही एका राइडसाठी दीड तास उभे होतो. त्या दीड तासात मुलीने मला तिच्या वर्गातल्या भांडणाची पूर्ण हकीकत सांगितली. कोण कुणाशी का बोलत नाही, तिला एकटीला डबा का खावा लागतो, सगळं. घरी मी कामावरून येते तेव्हा ती झोपलेली असते. तो दीड तास वाया गेला असं मी म्हणूच शकत नाही. तुमचे ते 'पंधरा मिनिटं' मी मोजले नाहीत आणि मोजणारही नाही.

चक्रीपाळणा

सात वर्षं एका पार्कमध्ये राइड चालवण्याचं काम केलं आहे, त्यामुळे आतली बाजू सांगतो. आधी धागाकर्तीला : उंची रांगेच्या तोंडाशी मोजलीच पाहिजे. गर्दी कितीही असो, तो माणूस हलवणं ही चूकच आहे. मुलाबद्दल वाईट वाटलं.

पण 'शांत दिवशी जा म्हणजे भरपूर राइड होतील' हे गृहीतक तपासून बघा. कोस्टरवर किती गाड्या सोडायच्या, हे त्या दिवशीच्या अपेक्षित माणसांवर ठरतं. समजा एका गाडीत २४ जण बसतात. गर्दीच्या दिवशी तीन गाड्या रुळावर असतात आणि साधारण ७२ सेकंदांना एक सुटते. तासाला ५० फेऱ्या, १,२०० माणसं. शांत दिवशी तीच राइड एका गाडीवर चालवली, तर ती गाडी फिरून येणार, रिकामी होणार, भरणार, पट्टे तपासणार आणि मग सुटणार. चार मिनिटं धरा. तासाला १५ फेऱ्या, ३६० माणसं. म्हणजे समोर फक्त साडेतीनशे माणसं असली तरी तासभर उभं राहावं लागतं. वर मोठी दुरुस्तीची कामं गर्दी नसलेल्या महिन्यांतच काढतात. इतक्या लांबून आलेलं पोरगं बंद फाटकासमोर रडताना मी शांत दिवसांतच जास्त वेळा पाहिलं आहे.

सुट्टीत पार्क लवकर उघडतं, उशिरा बंद होतं, मिरवणूक आणि रोषणाई पूर्ण असते, सगळी राइड चालू असतात. साडेदहाला पोचलात ही मात्र मोठी चूक झाली. फाटक उघडायच्या अर्धा तास आधी उभं राहायचं आणि पहिल्या तासात सर्वांत लोकप्रिय दोन-तीन राइड उरकायच्या. त्या एका तासात होतं ते दुपारच्या तीन तासांत होत नाही.

आणखी एक. पाटीवर लिहिलेला वेळ कसा काढतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आम्ही रांगेत शिरणाऱ्या एका पाहुण्याच्या हातात एक कार्ड द्यायचो आणि तो गाडीपाशी पोचला की परत घ्यायचो. दोन वेळांमधला फरक म्हणजे तेव्हाची खरी रांग. पाटीवर त्याहून थोडा जास्तच वेळ लावायचो, कारण पन्नास सांगून चाळीस मिनिटांत गाडीत बसवलं तर माणूस हसत बसतो.

गणितवेडा

चक्रीपाळणा यांचा हिशोब बरोबर आहे, पण त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. ती म्हणजे विकत घेतलेली रांग, म्हणजे जास्तीचे पैसे भरून पास काढणाऱ्यांची वेगळी, लवकर सरकणारी रांग.

रांगेचं गणित सोपं आहे. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ साली ते सिद्ध केलं : रांगेतली माणसं म्हणजे तासाला पुढे सरकणारी माणसं गुणिले थांबायचा वेळ. २,४०० जण उभे आहेत, राइड तासाला १,२०० घेते, तर दोन तास. इथवर सगळ्यांना सारखं. आता त्याच १,२०० जागांतल्या ८०० जागा पासवाल्यांच्या रांगेला द्या. साध्या रांगेला उरल्या ४००. तेच २,४०० जण आता सहा तास उभे राहतील. राइड तितकीच, माणसं तितकीच. ज्याने जास्तीचे पैसे दिले त्याचा वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी वेळातून कापून आला आहे.

डिस्नेने १९९९ साली ही सोय आणली तेव्हा ती फुकट होती. यंत्रातून चिठ्ठी काढायची, त्यावर लिहिलेल्या वेळी यायचं. सगळ्यांना सारखी मिळायची, म्हणून कुणी तक्रार केली तरी ती फार टोकाची नसायची. २०२१ मध्ये फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या पार्कांत ती जाऊन पैसे भरायची सोय आली. माझ्या मते भांडण गर्दीशी नाहीच, या वाटणीशी आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना म्हटलं होतं की अन्यायाची वाटणारी प्रतीक्षा न्यायाच्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. शेजारून पासवाले भराभर पुढे जाताना बघत उभ्या असलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

म्हणून धागाकर्तीला माझं म्हणणं : सुट्टीत जा, पण जिथे साधी रांग अर्धी विकून टाकलेली नाही अशा ठिकाणी जा.

चक्रीपाळणा

@गणितवेडा, तुमची संख्या टोकाची आहे, पण दिशा खरी आहे. दोन रांगा जिथे एकत्र येतात तिथे आमच्यातलाच एक जण उभा असतो आणि 'यांच्यातले इतके, त्यांच्यातले इतके' असं सोडत असतो. प्रमाण वरून ठरून येतं. शिव्या मात्र त्या विशीतल्या पोराला बसतात. मी ते काम केलं आहे, दिवसाच्या शेवटी कुणाच्या डोळ्यांत बघवत नसे.

झुळूक

मला गर्दीच आवडते, कुणाला पटो न पटो. मी पार्क रिकामंही पाहिलं आहे, पाऊस भुरभुरत असताना. कोस्टर वर चढला, मी ओरडले आणि माझा एकटीचाच आवाज आला. मागे-पुढे सगळ्या जागा रिकाम्या. उतरल्यावर परत बसावंसं वाटलं नाही. सणाच्या संध्याकाळी दिवे लागतात आणि हजारो माणसं एकदम 'आहाऽ' करतात, ते मला हवं असतं.

शिवाय गर्दीचा अंदाज कधीकधी साफ चुकतो. २०१९ च्या उन्हाळ्यात डिस्नेलँडने स्टार वॉर्सचा नवा विभाग उघडला तेव्हा प्रचंड झुंबड उडणार असं सगळेच म्हणत होते. त्या भीतीने लोक आलेच नाहीत आणि पार्क अपेक्षेपेक्षा मोकळं राहिलं.

दोन_पिल्लं

झुळूक, तुमचा आनंद खरा आहे, पण मला दुसरी बाजू लिहायलाच हवी. माझा मोठा मुलगा ऑटिस्टिक आहे. एकदम 'आहाऽ' झालं की तो कान दाबून खाली बसतो. खाली बसलेलं मूल मागून ढकलणाऱ्या गर्दीला दिसत नाही. एकदा माझ्या नवऱ्याने त्याच्यावर ओणवं होऊन दोन मिनिटं धक्के अंगावर घेतले आहेत.

गर्दीचा एक टप्पा असतो, ज्याच्यापुढे माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाहून जास्त माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते, असं गर्दीच्या सुरक्षेचं काम करणारे सांगतात. मिरवणूक संपल्यावर अरुंद रस्त्यावर किंवा रोषणाईनंतर फाटकाकडे जाताना तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

आणि 'पार्क काळजी घेईल' यावर मी विसंबत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये, चिनी नववर्षाच्या सुट्टीत, हाँगकाँग डिस्नेलँडची फाटकं बंद करावी लागली होती. बाहेर हातात तिकीट असलेली माणसं उभी होती. तिकीट सहा महिन्यांत कधीही वापरता येत होतं, त्यामुळे नेमके किती जण येतील याला धरबंध राहिला नव्हता. लोक फाटकावर चढले, मुलांना वरून पलीकडे दिलं. मी तेव्हाची छायाचित्रं पाहिली आहेत. मूल वरून पलीकडे देणारी आई मूर्ख नव्हती, ती लांबून आली होती आणि तिच्याकडे तिकीट होतं.

मी धागाकर्तीच्या बाजूने आहे. रात्रपाळी, तुमची अडचण मला कळते, पण माझ्या मुलाला सुट्टीच्या दिवशी मी नेणार नाही.

रात्रपाळी

@दोन_पिल्लं, नेऊ नका. तुमच्या जागी मीही नेलं नसतं. मी 'सगळ्यांनी जावं' म्हटलेलं नाही, 'जाऊच नये' याला विरोध केला आहे. दोन्हींत फरक आहे.

पण हाँगकाँगचं वाचून एक विचार आला. तो दोष सुट्टीचा की तिकिटाचा? तारखेचं बंधन असतं, तर आत मावतील तेवढीच तिकिटं त्या दिवसासाठी गेली असती. एप्रिल २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड कोरोनाच्या साथीनंतर उघडलं तेव्हा फक्त पंचवीस टक्के क्षमतेने आणि आधी दिवस राखून ठेवायच्या अटीवर उघडलं होतं. म्हणजे मोजून माणसं घेणं जमतं. मनात आलं तर जमतं.

नदीकाठ

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

'जाऊच नये' हे शब्द मागे घेते. रात्रपाळी, तुमच्या मुलीचा डबा वाचून मी बराच वेळ थांबले. माझी रजा मला मागून मिळते, हे मी लिहिताना विसरले होते. चक्रीपाळणा यांचं एका गाडीचं गणितही मला माहीत नव्हतं, शांत दिवस म्हणजे मोकळी राइड असंच मी धरून चालले होते.

पण मूळ तक्रार सोडत नाही. चढा दर लावून गर्दी कमी होत नसेल, तर तो दर कशासाठी? त्या दिवशी किती तिकिटं विकणार आणि राइड एकूण किती माणसांना बसवू शकतात, हे दोन आकडे तिकीट काढण्याआधी समोर दिसावेत. भागाकार आमचा आम्ही करू. एका माणसाच्या वाट्याला चार राइड येणार असतील तर चार लिहा. ज्यांना तेवढं पुरेसं आहे ते आनंदाने जातील आणि संध्याकाळी कुणी फसल्यासारखं बाहेर पडणार नाही. अशी गोष्ट सांगायला पार्क तयार होत नसेल, तर मी मोठ्या सुट्टीत परत जाणार नाही. मुलांना कारणही सांगेन.

आणि @झुळूक, उडणाऱ्या हत्तींच्या पाळण्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये २०१२ साली एकाऐवजी दोन पाळणे केले आणि रांगेच्या जागी तंबूत मुलांसाठी खेळायची जागा केली. आईबापांच्या हातात एक छोटं यंत्र द्यायचे, ते वाजलं की जायचं. मुलं तोवर घसरगुंडीवर. रांग लहान मुलाच्या उंचीवरून बघणारं कुणीतरी तिथे होतं, एवढंच म्हणते.

रात्रपाळी

दोन आकड्यांची मागणी मला शंभर टक्के मान्य. त्यावर मी तुमच्या बाजूने.

आमचा पुढचा दिवस ठरला आहे, सुट्टीचाच. तुमच्या धाकट्याचं वाचून काल मुलीला भिंतीला उभी करून मोजली. १२० सेंटीमीटर भरली. तिला हव्या असलेल्या कोस्टरला १२२ लागतात. @चक्रीपाळणा, बूट घालून मोजतात का?

चक्रीपाळणा

बहुतेक ठिकाणी बूट घालूनच मोजतात, पण आत काही भरलेलं चालत नाही, कर्मचारी तपासतात. नेहमीचे बूट घालून घरी पुन्हा मोजा. तरीही कमी पडली तर तिला आजच सांगून टाका आणि १०२ वाल्यांपैकी एक कोस्टर तिलाच निवडू द्या. त्या दिवशी फाटक उघडलं की आधी तिकडेच जा.