चिऱ्याच्या जुन्या घराला पायऱ्यांसारखी भेग, मिरगाआधी काय करून घेऊ?

भाटातलं_घर
नमस्कार. आमचं घर गोव्यात डिचोली तालुक्यात, आजोबांच्या वेळचं, मातीत बसवलेले जांभ्याचे चिरे आणि वर कौलं. मागून डोंगर उतरत येतो. गेल्या पावसात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चिऱ्यांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी भेग गेली, वर रुंद आणि खाली बारीक, तिथली जमीनपण जरा बसल्यासारखी वाटते. त्याच बाजूला नंतर स्लॅबची न्हाणी जोडलीय, तिचं पाणी भिंतीलगतच्या केळींना जातं. कंत्राटदार म्हणतो सगळी मागची भिंत उघडी करून पायाखाली काँक्रीट घालूया. आईबाबा तिथंच राहतात म्हणून खूप काळजी वाटते.

साईटवरचा_फोंडेकर
सगळी भिंत एकदम उघडी करायला अजिबात देऊ नका!! मातीत बसवलेल्या चिऱ्यांचा पाया बाजूच्या मातीच्या आधारावर उभा असतो, ती काढली तर आज नसलेला धोका तयार होतो. खरंच लागलं तरी मीटरभराचे तुकडे करून, एक भरल्यावर दुसरा, आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनियरनं बघितल्यावरच.

तुमच्या वर्णनावरून कोपरा खाली बसतोय, आणि मला पाण्याचाच संशय आहे. आपल्याकडे वरचा जांभा कडक असतो पण खाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकणमाती लागते, ती कोरडी असताना दगडासारखी आणि भिजली की दम सोडते. आता हिशोब करा, गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस, छप्पर 100 चौरस मीटर धरलं तर 3 लाख लिटर पाणी, त्यातलं अर्धं मागच्या पागोळ्यांतून थेट जोत्याच्या बुडाशी. वर न्हाणीचं पाणी बारा महिने. पाणी तिथून हलवल्याशिवाय काँक्रीट घालून काय उपयोग?

पेडणेकर_ताई
आमच्याकडे हेच झालेलं. मागच्या वळचणीला पन्हळ लावली, तिचा पाईप थेट गटारात सोडला, केळी काढून न्हाणीचं पाणी पाईपनं लांब माडाच्या आळ्यात नेलं, आणि भिंतीलगत मीटरभर रुंद कोबा घातला. कोब्याला बाहेरच्या बाजूला मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर तरी उतार हवा, नाहीतर पाणी भिंतीकडेच येतं, मेस्त लोक हे पटकन विसरतात म्हणून पाणी ओतून बघा आणि मगच पैसे द्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खुणा करून तारीख घाला, मधलं अंतर दर महिन्याला मोजा.

आणि इंटरनेटवर पायाभोवतीची माती उन्हाळ्यात ओली ठेवा असं वाचलं तर ते करू नका, तो सल्ला फुगणाऱ्या काळ्या मातीसाठी असतो, आपली तांबडी माती तशी फुगत नाही.

भाटातलं_घर
देव बरें करूं दोघांना. एक सांगायचं राहिलं, वरच्या प्लॉटमध्ये यंदा जेसीबीनं डोंगर कापलाय, त्याची माती तशीच आमच्या बाजूला ढकलून ठेवलीय.

साईटवरचा_फोंडेकर
मग हे सगळ्यात आधी बघा! सुटी माती पहिल्या जोरदार पावसात खाली येते. नगर नियोजन कायद्याच्या 17अ कलमाखाली डोंगर कापायला आधी लेखी परवानगी लागते, ती आहे का ते विचारा, फोटो काढून नगर नियोजन खात्याकडे लेखी तक्रार द्या आणि प्रत पंचायतीत ठेवा. तुमच्या हद्दीत, घरापासून लांब, वरच्या अंगाला आडवा चर मारून डोंगराचं पाणी बाजूच्या व्हाळाकडे (ओढ्याकडे) वळवा. चर भिंतीलगत नको. संरक्षक भिंत बांधायची झाली तर तिच्यामागे खडी आणि तिच्यातून पाणी बाहेर जायला भोकं हवीतच, नाहीतर साठलेलं पाणीच ती पाडतं.

पावसात उतारावर नवी चीर दिसली, झाडं कलली किंवा खालून अचानक गढूळ पाणी यायला लागलं तर आईबाबांना लगेच दुसरीकडे हलवा, रात्र असली तरी. मागच्या खोलीत झोपू तर देऊच नका.

पेडणेकर_ताई
न्हाणी आणि जुनी भिंत यांच्या जोडावरपण सरळ उभी भेग आहे का बघा. दोघांचे पाये वेगळे, ते वेगवेगळे बसतात, तिथं सिमेंट भरलं की परत फुटतं. मोठी भेगसुद्धा आत्ता बुजवू नका. खुणांमधलं अंतर पाऊसभर वाढलं नाही तर चवथीनंतर चुन्यानं भरा. आणि महिन्या-महिन्याला वाढतच गेलं, किंवा भेग पाच मिलिमीटरच्या वर गेली, तर न थांबता इंजिनियर बोलवा.

भाटातलं_घर
आजच खुणा करायला बाबांना फोन केला. रविवारी जाऊन केळी काढतो आणि वरच्या प्लॉटचे फोटो घेतो.