एट्रियल फिब्रिलेशनसाठी क्रायोअ‍ॅब्लेशन : ज्यांनी करून घेतले त्यांचे अनुभव हवे आहेत

प्रश्न (रुग्णाची पत्नी, नाशिक)

नमस्कार. माझ्या यजमानांचे वय ५९ आहे. त्यांना मधुमेह आणि उच्च रक्तदाब दोन्ही आहेत. गेल्या काही वर्षांपासून त्यांच्या हृदयाचे ठोके मधूनच अनियमित होतात, छातीत धडधडते, जिना चढताना दम लागतो आणि काही तासांनी सारे आपोआप थांबते. होल्टर तपासणीत (ठोक्यांची सलग नोंद घेणारे यंत्र अंगावर लावून) एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील (अलिंदांतील) अनियमित ठोक्यांचे, निदान झाले असून एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपा चांगल्या आहेत. अमिओडेरोन या औषधाने ठोके आटोक्यात आले होते, परंतु थायरॉइड बिघडल्यामुळे ते बंद करावे लागले. आता डॉक्टरांनी क्रायोअ‍ॅब्लेशन, म्हणजे हृदयातील ठरावीक ऊती गोठवण्याची प्रक्रिया, सुचवले आहे. या प्रक्रियेत किती त्रास होतो आणि ठोके लगेच सुरळीत होतात का, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. यजमान तयार झाले आहेत ते मुख्यतः रक्त पातळ करणारी गोळी सुटेल या आशेने. ती खरोखरच सुटते का?

उत्तर (रुग्ण, पुणे)

ताई, माझाही आजार असाच अधूनमधून उसळणारा होता. प्रक्रियेआधी अन्ननलिकेतून एको करून डाव्या अलिंदात रक्ताची गुठळी नाही ना, हे पाहिले गेले. मग जांघेतील शिरेतून नळी आत घालून, दोन अलिंदांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून, नळीच्या टोकाचा फुगा एकेका फुप्फुसशिरेच्या (फुप्फुसांतून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) तोंडाशी टेकवला आणि तिथली ऊती गोठवली. मला पूर्ण भूल नव्हती, फक्त गुंगी होती. गोठवताना थंडगार बर्फाचे पाणी एकदम प्यायल्यावर कपाळात उठते तशी कळ आली आणि खोकला लागला. त्यापलीकडे वेदना म्हणावी असे काही आठवत नाही. नंतर काही तास पाय सरळ ठेवून उताणे पडून राहणे मला अधिक जड गेले. जांघेत मोठा काळानिळा डाग पडला होता, तो हळूहळू गेला.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा धडधड सुरू झाली आणि सगळे व्यर्थ गेले असे वाटून मी फार खचलो. डॉक्टरांनी समजावले की गोठवलेल्या जागी सूज असते, तिथे व्रण पक्का होईपर्यंत ठोके बिघडू शकतात, आणि म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या धडधडीवरून निकाल ठरवत नाहीत. माझ्या बाबतीत ते खरे ठरले. यजमानांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवसांत त्यांचा धीर सुटणार नाही.

उत्तर (निवृत्त परिचारिका, कॅथ लॅब, मुंबई)

वरील अनुभवाला कारणांची जोड देते. फुप्फुसशिरांच्या तोंडाशी असलेल्या पेशींतून निघणारे विद्युत्संकेत या आजाराला चालना देतात, हे बोर्दो येथील मिशेल हेसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. त्या शिरा अलिंदापासून विद्युतदृष्ट्या वेगळ्या करणे हाच या प्रक्रियेचा गाभा आहे. ते काम उष्णतेनेही होते आणि थंडीनेही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फायर अँड आइस’ या ७६२ रुग्णांच्या चाचणीत गोठवण्याची पद्धत उष्णतेच्या पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही.

उजव्या बाजूच्या शिरांजवळून श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस जाते आणि तिला थंडीची इजा झाल्यास श्वासपटल दुबळे होते. म्हणून त्या शिरा गोठवताना नसेला सतत विद्युत्स्पंद देतात आणि एकजण पोटावर हात ठेवून उचकीसारखे धक्के मोजत राहतो. धक्का मंदावला की गोठवणे तत्काळ थांबवतात. मी हे काम कित्येकदा केले आहे. इजा झालीच तरी बहुतेकांची नस कालांतराने सावरते.

अत्यंत विरळ, पण जिवावर बेतणारा धोका अन्ननलिकेला इजा होण्याचा आहे, कारण ती डाव्या अलिंदाला अगदी लागून जाते. प्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत ताप, छातीत दुखणे, गिळताना वेदना किंवा हातापायांत अचानक अशक्तपणा जाणवल्यास वाट पाहू नका. प्रक्रिया केलेल्या पथकाला त्वरित कळवा आणि दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले तर अ‍ॅब्लेशन झाल्याचे आधी सांगा, कारण अशा वेळी एंडोस्कोपी घातक ठरू शकते. त्याऐवजी छातीचे सीटी स्कॅन करतात.

आता गोळीविषयी. प्रक्रियेनंतर किमान दोन ते तीन महिने ती सर्वांनाच घ्यावी लागते. त्यापुढचा निर्णय ठोके सुधारले की नाही यावर ठरत नाही. पक्षाघाताचा धोका वय, मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचा पक्षाघात यांवरून मोजला जातो. यजमानांना मधुमेह व रक्तदाब दोन्ही असल्याने गोळी पुढेही चालू ठेवण्याचाच सल्ला मिळण्याची शक्यता अधिक आहे. गोळी सुटेल एवढ्याच आशेवर त्यांनी होकार देऊ नये, असे मला मनापासून वाटते. धडधड आणि दम कमी व्हावा यासाठी होकार असेल, तर तो योग्य पायावर आहे.

उत्तर (रुग्ण, टोरांटो)

इथल्या डॉक्टरांनी मला कॅनडात झालेल्या ‘अर्ली-एएफ’ चाचणीचे आकडे दाखवले होते. त्यात आधी औषध न घेतलेले रुग्ण होते, त्यामुळे ते आपल्या यजमानांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु त्वचेखाली नोंदयंत्र बसवून पाहिले असता वर्षभरात क्रायोअ‍ॅब्लेशन झालेल्यांपैकी ४२.९ टक्के रुग्णांत, तर गोळ्या घेणाऱ्यांपैकी ६७.८ टक्के रुग्णांत ठोके पुन्हा बिघडल्याची नोंद झाली. रुग्णाला स्वतःला जाणवेल असा बिघाड मात्र अनुक्रमे ११ आणि २६.२ टक्क्यांतच होता. आजार समूळ गेला असे म्हणता येत नाही, पण रोजच्या जगण्यात पडणारा फरक मोठा असतो. मला पुढे दुसऱ्यांदा, उष्णतेच्या पद्धतीने, अ‍ॅब्लेशन करावे लागले, तरीही मी समाधानी आहे. यजमान घोरत असतील तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी अवश्य करून घ्या. तो उपचाराविना राहिला किंवा वजन वाढत राहिले, तर ठोके पुन्हा बिघडण्याची शक्यता वाढते.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. गोळीविषयीचे उत्तर मी त्यांना वाचून दाखवले. थोडे हिरमुसले, पण दम लागणे थांबले तरी पुरे, असे स्वतःहून म्हणाले. ते घोरतात, त्यामुळे झोपेची तपासणी आधी करू. प्रक्रियेच्या आधी रक्त पातळ करणारी गोळी आणि मधुमेहाची औषधे बंद ठेवायची असतात का?

उत्तर (निवृत्त परिचारिका, मुंबई)

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून एक दिवसही चुकवू नका. बहुतेक ठिकाणी ती अखंड चालू ठेवूनच प्रक्रिया करतात. मधुमेहाच्या औषधांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असल्यास ते साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, आणि उपाशी राहायचे असल्याने इतर गोळ्यांच्या व इन्सुलिनच्या मात्राही बदलतात. सर्व औषधांची पाकिटे घेऊन डॉक्टरांना भेटा आणि कोणती कधी थांबवायची, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.